पालथं झोपून ऐकलेली कादंबरी

जुन्या जालन्यात मी ज्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते, त्याचे मालक उर्दू शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना मास्टरसाब म्हणते, म्हणून मीही म्हणते. खोली शोधत फिरत होते तेव्हा दोन-तीन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्यावर खोली एकाएकी कालच दिलेली निघाली होती. मास्टरसाबांनी आडनाव विचारलंच नाही. "नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, टाकी बराबर भरून ठेवायची. आणि जिन्यात चपला काढायच्या न्हाई, मी पडतो," एवढंच म्हणाले. पण त्यानंतरच्या चार वर्षांत आमचं बोलणंही पाणी, वीज आणि सलाम-नमस्कार यांच्यापुढं गेलं नव्हतं. मी सकाळी जाफराबादची बस धरायची, तिथल्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी परत. ते ओसरीवर खुर्ची टाकून उर्दू पेपर वाचत बसलेले असायचे. पेपर संपला की कुठलंही पुस्तक. वाचणारा माणूस वाचणाऱ्याला लांबून ओळखतो, तेवढी ओळख मात्र होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. डावा आधीच अधू होता. संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायू भरला आणि सांगितलं की दहा दिवस मान खाली. झोपायचं पालथं, बसायचं ते कपाळ टेबलावर टेकवून, जेवायचंसुद्धा खाली बघत. वायूचा फुगा वर चढून पडद्याला दाबून धरतो, म्हणून तोंड जमिनीकडं.

मी भेटायला गेले तेव्हा ते बाजेवर छातीखाली उशी घेऊन पालथे पडले होते आणि तोंड बाजेच्या कडेच्या बाहेर काढलं होतं. खाली फरशी. त्यांच्याशी बोलायचं तर मला फरशीवरच बसावं लागलं.

"मॅडम," ते म्हणाले, "पंचाहत्तर वर्षांत कपाळ टेकायचे जेवढे सजदे माझे राहून गेल्ते, ते अल्लाहनं एकदमच मागून घेतलेले दिसतात."

मी हसले. तेही हसले, पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "लेटायचं जमतं हो. नमाज इशाऱ्यानं होते. पण वाचायला न्हाई, हे न्हाई जमून राह्यलं. टीव्हीचा आवाज ऐकून डोकं दुखतं. तुम्ही काय वाचून राह्यल्या सध्या?"

मी काय वाचत होते ते सांगायला मला जरा संकोच वाटला. ती एक जाडजूड इंग्रजी विज्ञान-कादंबरी होती. इंजिनिअरिंगच्या जुन्या गाइडांच्या ढिगात रद्दीवाल्याकडं सापडली होती. परग्रहावरून आलेल्या जीवांची गोष्ट, हे सांगायला काही हरकत नव्हती. पण गोष्टीचा खरा विषय होता श्रद्धा. देव आहे का, माणूस त्याच्याशी बोलतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्या पुस्तकात पानापानावर विचारलेलं होतं, आणि विचारणारी बाई देवावर रागावलेली होती. पाच वेळा नमाज पढणाऱ्या, डोळ्याच्या काळजीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे काय वाचून दाखवायचं?

"परग्रहावरचे लोक येतात अशी गोष्ट आहे," मी म्हणाले. "इंग्रजी आहे."

"मंग तर छानच. मी भूगोलात फक्त एकच ग्रह शिकवला. तुम्ही मराठी करून सांगा, जिथं अडाल तिथं मी आहे."

असं आमचं वाचन सुरू झालं. वेळ ठरली दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजेनंतर दिवस मावळतीच्या मगरिबच्या अजानपर्यंत. दिवाळीनंतरचा आखूड दिवस, दीड-पावणेदोन तास मिळायचे. मी सहामाहीचे पेपर दुपारी तपासून खाली यायची, बाजेशेजारी चटई टाकून बसायची. त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसायची. मी एक परिच्छेद मनात वाचायचा, मग मराठीत सांगायचा. माझं इंग्रजी काही मोठं नाही. फोनमधला शब्दकोश मांडीवर उघडाच असायचा.

गोष्ट अशी होती. एका मिठाच्या वाळवंटात, जिथं मैलोगणती माणूस नाही, तिथं आकाशातून पाहुणे उतरतात. 'पाहुणे' हा मास्टरसाबांचा शब्द, पुस्तकात त्यांना एक अवघड नाव होतं. ते हल्ला करत नाहीत, काही मागत नाहीत. त्यांना आवाजच नाही. ते एकमेकांशी बोलतात ते स्पर्शानं, तळव्याला तळवा लावून. जो हाताच्या अंतरावर नाही त्याच्याशी बोलणं, ही कल्पनाच त्यांच्याकडं नाही. दूरचा म्हणजे गप्प. मेलेला म्हणजे कायमचा गप्प. त्यांच्याशी बोलण्यासाठी माणसं एका दुभाषी बाईला पाठवतात. ती लहानपणी फार श्रद्धाळू घरात वाढलेली, पण धाकटा भाऊ गेल्यावर तिनं सगळं सोडून दिलेलं. ती बाई महिनोन्महिने आपला हात त्या पाहुण्यांच्या गार, ओलसर तळव्यांत देऊन त्यांची भाषा शिकते.

तळव्यांच्या भाषेचं ते प्रकरण लेखकानं इतकं सुरेख लिहिलं होतं की सांगता सांगता माझ्याच तळव्याला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. दाब म्हणजे क्रियापद, बोटांची हालचाल म्हणजे काळ, आणि हात किंचित सैल सोडला की प्रश्न. मी रोज वर्गात प्रकाश आणि ध्वनी शिकवते. स्पर्शानं चालणारं एक आख्खं जग कोणी असं बारीक बारीक रचून उभं करील, हे मला सुचलंही नसतं. मास्टरसाब मान न हलवता म्हणायचे, "वाह." कधीकधी नुसतंच, "फिर से."

तिसऱ्या दिवशी आचारी आला. वाळवंटातल्या त्या छावणीत माणसांसाठी स्वयंपाक करणारा एक म्हातारा आचारी असतो. तो पहाटे चुलीपाशी कांदा चिरता चिरता ओठ हलवतो. जवळ कोणी नसतं. पाहुण्यांपैकी एक जण ते रोज बघतो आणि एके दिवशी दुभाषी बाईच्या हातावर प्रश्न ठेवतो: हा कोणाला हात लावून बोलतो?

इथं मी अडले. आचाऱ्याच्या त्या ओठ हलवण्याला इंग्रजीत एकच शब्द होता. मी 'प्रार्थना' म्हणाले.

"प्रार्थना शाळेत होते," मास्टरसाब जमिनीकडं बघत म्हणाले. "लायनीत उभं राहून."

"मग नमाज म्हणू?"

"नक्को. नमाज म्हटलं की वेळ आली, हातपाय धुवून वजू आला, कमरेत वाकून रुकू आला. हा गडी तर कांदा चिरून राह्यला. दुआ म्हणा." मग स्वतःच म्हणाले, "दुआ पण न्हाई. दुआत माणूस काहीतरी मागतो. हा काय मागतो असं पुस्तकात लिहिलं का?"

"नाही लिहिलं."

"मंग मुनाजात. कानाशी लागून हळूच बोलतात तसं. पण ते तुमच्या मराठीत कोण समजणार?"

दारातून सूनबाई पहिल्यांदाच बोलली. ती फार कमी बोलायची, आणि बोलली तरी सासऱ्यांच्या मागं. "अब्बा, बोलणंच म्हणा ना. हा रमजान पोटात होता तवा मी त्याच्याशी काम करता करता बोलायचे. त्याला काय ऐकू येतं, काय न्हाई, मला काय मालूम? पण बोलायचेच ना."

तिचा मुलगा रमजानच्या महिन्यात पोटात होता, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण घाईत रमजानच पोटात होता असं वाक्य बाहेर पडलं आणि तीच तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. मास्टरसाब पण पालथ्या पालथ्या हसले. तेव्हापासून आम्ही त्या शब्दाला 'बोलणं' असंच म्हणायचं ठरवलं. पुस्तकातली दुभाषी बाई जो शब्द दोनशे पानं शोधत होती, तो या बाईनं मेथीची जुडी सोडता सोडता दिला होता. मी पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी मी एक गोष्ट केली, ती सांगायला हवी.

पुस्तकात भावाच्या अंत्यविधीचं प्रकरण आलं. दुभाषी बाईचा भाऊ नऊ वर्षांचा, तापानं गेलेला. घरातले सगळे गुडघे टेकून बसलेत, आणि ही बारा वर्षांची पोरगी सगळ्यांच्या देखत उठून उभी राहते आणि देवाला उद्देशून जे बोलते, ते फार कडू होतं. शिवी नव्हती, पण शिवीपेक्षा जड होतं. मी ते आदल्या रात्री वाचलं होतं आणि पुस्तक मिटून बसले होते. आई गेली तेव्हा माझ्या मनात असलंच काही आलं होतं, पण आमच्या घरात देवच नव्हता, त्यामुळं ते कोणाला म्हणायचं हेही मला ठाऊक नव्हतं.

ती दोन पानं मी गाळली. "भाऊ वारला, तिला फार दुःख झालं, तिनं सगळं सोडलं," एवढं सांगून पुढच्या प्रकरणावर गेले. मनात म्हटलं, आजारी माणूस आहे, त्यांच्या घरात बसून त्यांच्या श्रद्धेला टोचणारं का वाचायचं.

पुढच्या प्रकरणात पाहुण्यांचा तो प्रश्न पुन्हा आला: म्हातारा कोणाशी बोलतो? दुभाषी बाईला आपल्या जातभाईंची लाज वाटते. इतके शहाणे पाहुणे, त्यांच्यापुढं हे कसं सांगायचं? ती त्यांच्या हातावर उत्तर देते: तो आजारी आहे.

"झूट!" मास्टरसाब इतक्या जोरात म्हणाले की सून उठून उभी राहिली. "दुसऱ्याच्या इमानाबद्दल, श्रद्धेबद्दल झूट बोलली ही. स्वतःचं सोडलं तर सोडलं, तो तिचा हक्क. पण त्या गरीब खानसाम्याला आजारी ठरवायचा हक्क तिला कोणी दिला?"

मी पुढं वाचत गेले, आणि पुढचं तर आणखी वाईट होतं. पाहुणे दयाळू असतात. त्यांना वाटतं, हा माणूस आजारी आहे, त्याला कोणाचा हात मिळत नाही म्हणून तो हवेशी बोलतो. मग ते पाळीपाळीनं त्याच्याजवळ येऊन बसतात आणि त्याचा हात धरून ठेवतात. दिवसभर. पहाटेसुद्धा. म्हातारा संकोचानं हात सोडवत नाही, आणि त्याचं ते एकट्याचं बोलणं बंद पडतं. तो हळूहळू मुका होत जातो. खोटं एका शब्दाचं, पण त्याच्यावर इतकी माया गोळा होते की त्या मायेखाली तो माणूस गुदमरतो. हे लिहिणाऱ्याचं मला फार कौतुक वाटलं. वाईट माणूस एकही नाही, आणि तरी केवढं वाईट घडतं.

अजान झाली. मी पुस्तक मिटलं, पण उठवेना. त्या बाईनं जे केलं तेच मी तासाभरापूर्वी केलं होतं. तिनं आचाऱ्याबद्दल खोटं सांगितलं, मी तिच्याबद्दल. दोघींनीही समोरच्याचं भलं चिंतूनच केलं.

"मास्टरसाब," मी म्हणाले, "मी मघाशी दोन पानं गाळली."

"मला मालूम आहे."

"कसं?"

"चाळीस वर्षं पोरांना उभं करून धडे वाचायला लावले. ओळ कोण गाळतं ते कानाला कळतं. कागद पण दोनदा वाजला." मग विचारलं, "का गाळली?"

"त्यात ती देवाला फार वाईट बोलते. मला वाटलं, तुम्हाला..."

"माझा इमान काय काचेचा आहे का, मॅडम?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर खाली गेले तर सून म्हणाली, "आज अब्बा नको म्हणारे." त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिन्यातूनच विचारलं, तेच उत्तर. मी पेपरांचा गठ्ठा पुढं ओढला, पण एकाही उत्तरावर लक्ष लागेना. गच्चीवर जाऊन उभी राहिले. खाली गल्लीत धान्याच्या दुकानापुढं सोयाबीनची पोती उतरत होती, रिक्षावाला रस्ता मागत होता. मला राग आला होता, आणि तो नेमका कोणावर ते कळत नव्हतं. चार वर्षं मी या घरात राहिले, ते कोणी माझ्या नावागावाबद्दल आपल्या मनानं काही ठरवलं नाही म्हणून. आणि मी मात्र त्यांच्याबद्दल ठरवून टाकलं होतं की या माणसाला एवढं सोसणार नाही.

तिसऱ्या दिवशी सून वर आली. ती मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची. "बाजी, अब्बा बुलारे."

मी चटई टाकून बसले. बोलायला लागणार तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या दोन पानांपासून."

मी वाचलं. एकही शब्द मऊ केला नाही. बारा वर्षांची पोरगी जे जे म्हणाली ते सगळं म्हटलं. मध्ये एकदा थांबून पाणी प्याले आणि पुन्हा वाचलं. संपलं तेव्हा स्वयंपाकघरातला आवाज बंद होता.

"आमची एक मुलगी होती," मास्टरसाब म्हणाले. "ह्याच्या अब्बाच्या आधीची." म्हणजे नातवाच्या बापाच्या, त्यांच्या मुलाच्या आधीची. "सहा वर्षांची. कावीळ झाल्ती. तवा मी भोकरदनकडं नोकरीला होतो, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. लोक म्हणायचे, मास्टरसाबांनी किती सबर केला, एक वक्त नमाज चुकवली न्हाई. खरंय. एक पण चुकवली न्हाई. पण वर्षभर मी फक्त उठलो आणि बसलो, मॅडम. उभा राह्यलो, वाकलो, कपाळ टेकलं. आत कोणीच बोलत नव्हतं. मी कोणाला सांगितलं न्हाई. बिवीला पण न्हाई. ही पोरगी उभी राहून बोलली तरी. मी तर तेवढं पण बोललो न्हाई."

त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बाजेच्या कडेखाली फरशीवर एक थेंब पडला आणि त्यांनी तो लगेच रुमालानं पुसला, कारण डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं.

"मग परत कसं सुरू झालं?" मी विचारलं. विज्ञानाची बाई असा सरळ प्रश्न विचारते.

"मालूम न्हाई. खोटं कशाला सांगू? एक दिवस शाळेच्या विहिरीवर पाय धुवून राह्यलो होतो, आणि बोललो. बस." मग लगेच, "वाचा पुढं. जल्दी. खानसाम्याचं काय झालं?"

आचाऱ्याचं असं झालं की शेवटी दुभाषी बाईला स्वतःच्या डोळ्यांनी बघवेना. ती सगळ्या पाहुण्यांना गोळा करते, सगळे तळवे एकमेकांत गुंततात, आणि ती खरं सांगते: मी खोटं बोलले. हा आजारी नाही. हा अशा कोणाशी तरी बोलतो ज्याला आजपर्यंत कोणीही हात लावलेला नाही. मीही बोलायचे. आता बोलत नाही. तो आहे की नाही, मला माहीत नाही.

पाहुणे सगळे एकाच वेळी हात काढून घेतात. त्यांच्या भाषेत याला अर्थ नाही, म्हणून त्यांची भाषाच थांबते. कित्येक दिवस ते एकमेकांना शिवत नाहीत. वाळवंटात नुसते विखरून उभे. ते वर्णन मी सांगत होते तेव्हा मास्टरसाबांनी बाजेवरून एक हात खाली सोडला होता आणि त्यांची बोटं फरशीवर अगदी हलकी टेकली होती. ते मुद्दाम केलं नसावं.

मधल्या रविवारी मी अंबडला बाबांकडे गेले. बाबा तिथल्या कोर्टात कारकून होते. आई गेल्यापासून एकटे राहतात आणि कोणाच्या मदतीशिवाय छान राहतात. पहाटे उठून ते बुद्धवंदना म्हणतात. लहानपणी मीही त्यांच्याशेजारी बसून म्हणायची, नुसती तोंडानं. चहा पिता पिता मी त्यांना कादंबरी सांगायला लागले. पेपर बाजूला ठेवून ते ऐकायला लागले. दुभाषी बाईनं खोटं सांगितलं इथं आले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मंग पुढं तिनं जबानी बदलली का न्हाई?"

"बदलली."

"स्वतःहून का कोणी धरल्यावर?"

"स्वतःहून."

"मंग ठीक आहे." कोर्टात चाळीस वर्षं साक्षी ऐकलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. पण ते विचारात पडलेले दिसले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पाहुण्यांनी मला पाहिलं असतं, तर त्यांनी मला पण हेच विचारलं असतं."

"मग तुम्ही काय सांगितलं असतं?"

"मी कोणाकडं काही मागत न्हाई. मी आठवण ठेवून राह्यलो, हे सांगितलं असतं. सकाळी आधी बुद्धाची, धम्माची, संघाची." खिडकीबाहेर बघत ते पुढं म्हणाले, "आणि शेवटी तुझ्या आईची. ती वंदनेत न्हाई. मी आपली घातली."

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. पुस्तकातला आचारी कोणत्या धर्माचा ते लेखकानं शेवटपर्यंत लिहिलेलं नाही. मास्टरसाबांना तो उघडच मुसलमान वाटत होता. मला मात्र त्या दिवसापासून तो बाबांसारखा दिसायला लागला, उंच, जरा वाकलेला, बाह्या दुमडलेला. मी शेवट सांगायला लागले तेव्हा बाबांनी हात वर केला. "शेवट नको सांगू. मी वाचीन."

परत आले तेव्हा मास्टरसाबांना बसायची परवानगी मिळाली होती. दहा दिवसांनंतर मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला. दाढी वाढलेली, कपाळावर टेबलाच्या कडेचा वळ. ते लहान मुलासारखे खूश होते. "डोळ्यात तळं भरून राह्यलंय, मॅडम. अर्धं पाणी दिसतं, अर्धा फुगा. मान हलवली की रेघ पण हलते. खरंच सांगतो, मी असला नकाशा कधी पाहिला न्हाई." फुगा रोज थोडा विरत होता आणि त्या रेघेच्या वरच्या बाजूला त्यांना भिंत, दार, सुनेच्या ओढणीचा हिरवा रंग दिसायला लागला होता.

शेवटचं प्रकरण आम्ही ओसरीवर वाचलं. सूनबाई या वेळी दारात थांबली नाही, पाट घेऊन शेजारी येऊन बसली. पाहुणे परत निघतात. त्यांच्यातला सगळ्यात लहान, ज्यानं पहिला प्रश्न विचारला होता, तो निघायच्या आधी सगळ्यांपासून लांब चालत जातो. तिथं कोणी नाही, नुसतं मीठ आणि आकाश. तो आपला तळवा वर करतो आणि मोकळ्या हवेवर टेकवतो, समोर कोणी असल्यासारखा. आणि थांबतो. किती वेळ ते लेखकानं सांगितलेलं नाही. त्याला उत्तर मिळालं का तेही सांगितलेलं नाही. दुभाषी बाई लांबून बघत असते. ती काही परत श्रद्धाळू होत नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. ती फक्त एवढं म्हणते की यानं जे केलं त्याला आता आजार म्हणणार नाही. आचारी चूल पेटवतो. तिथं पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटलं आणि मास्टरसाबांकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला थोडी भीती होती. त्यांना ठाम उत्तर हवं असणार, असं पुन्हा माझ्या मनानं ठरवलं होतं.

"लिहिणारा इमानदार आहे," ते म्हणाले. "त्याला जे मालूम न्हाई ते त्यानं लिहिलं न्हाई. मी असतो तर लिहिलं असतं. हाताला हात लागला असं लिहिलं असतं, आणि किताब खराब झाली असती."

"म्हणजे हात लागला असता असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटतं न, बिलकुल वाटतं. पण माझं वाटणं त्याच्या किताबीत कशाला?"

सूनबाई म्हणाली, "मला तर त्या बाईची काळजी लागली. एकटीच राह्यली ना ती."



मी बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी या कादंबरीपेक्षा रेखीव होत्या. हिच्यात यानाची वर्णनं फार लांबतात, मधली शंभर पानं सरकारी माणसांच्या बैठकांत जातात आणि ती वाचताना मास्टरसाब दोनदा घोरले होते. पण श्रद्धा असलेल्याला आणि नसलेल्याला एका चटईवर बसवून, दोघांपैकी कोणालाही लहान न करता, शेवटपर्यंत सोबत नेणारी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. आणि ती ऐकणारा असा माणूसही मला दुसरा भेटलेला नाही. स्वतःच्या विरुद्धची दोन पानं त्यांनी हट्टानं वाचून घेतली होती, आणि त्यांच्या बदल्यात चाळीस वर्षं जपलेली गोष्ट देऊन टाकली होती.

त्यांचा डोळा निम्मा परत आला. पेपरचे मथळे वाचता येतात, बारीक अक्षर नाही. शाळा सुरू झाली तशी मी आता रोज खाली जाऊ शकत नाही, पण रविवारी जाते. सध्या त्यांच्या आग्रहावरून समुद्राच्या तळाविषयीचं एक पुस्तक चाललं आहे. ते मराठीच आहे, त्यामुळं आम्ही फारसं अडत नाही आणि मला ते अडणं आठवत राहतं.

कादंबरी अंबडला बाबांकडे आहे. ते शब्दकोश घेऊन रोज तीन-चार पानं वाचतात आणि संध्याकाळी फोन करून अडलेले शब्द विचारतात. परवा ते आचाऱ्याच्या पहिल्या प्रसंगापर्यंत पोचले. समासातली माझी पेन्सिलीची खूण त्यांनी पाहिली.

"हे 'बोलणं' कोणी काढलं?" त्यांनी विचारलं. "मला 'प्रार्थना' पटत नव्हतं, त्यात मागणं येतं. पण 'बोलणं' म्हटलं तर ऐकणारा धरला गेला ना? माझा ऐकणारा न्हाई. मंग माझं काय?"

मी तेव्हा जिन्यात होते आणि मास्टरसाब ओसरीवर. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, हे माझे बाबा, यांना त्या शब्दाबद्दल हरकत आहे. दोघं आजवर कधी भेटलेले नाहीत. मास्टरसाबांनी सलाम केला, तब्येत विचारली, आणि खुर्ची भिंतीकडं सरकवून नीट बसले. "हौ, हौ, बोला साहेब," एवढं मी ऐकलं. मग मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. घड्या घालून खाली आले तरी फोन चालूच होता, आणि मास्टरसाब मोकळ्या हातानं हवेत काहीतरी समजावून सांगत होते.